खाऱ्या पाण्यावरचं इंजिन: कूलिंगला कुठला मेटल टिकतो आणि का

बोटीच्या इंजिनाचं काम निघालं की एक प्रश्न ठरलेला असतो, कूलिंगला असा कुठला मेटल लावू जो गंजणारच नाही? आणि दुकानात उत्तरही ठरलेलं, स्टेनलेस लाव, विषय संपला. पण विषय तिथे संपत नाही, कारण त्याच स्टेनलेसच्या पाइपला काही महिन्यांत सुई टोचल्यासारखी बारीक भोकं पडतात आणि शेजारच्या बोटीवरचा काळपट हिरवा पडलेला, बघून भंगारात टाकावासा वाटणारा जुना कूलर मात्र निवांत चालू असतो. मग लोक म्हणतात माल डुप्लिकेट निघाला. कधी निघतोही, पण बऱ्याचदा माल बरोबर असतो आणि जागा चुकलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेटल एकट्याने चांगला किंवा वाईट नसतो. पाणी कुठलं, किती गरम, किती जोरात वाहतं, मधेच थांबून राहतं का, आणि त्या मेटलला चिकटून दुसरा कुठला मेटल बसलाय, हे सगळं माहीत असल्याशिवाय "बेस्ट मेटल" सांगणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं. इथे मी कोकणातल्या मच्छीमार ट्रॉलरचं डिझेल इंजिन धरून बोलतोय, कारण त्यात दोन्ही पाणी एकत्र येतात, बाहेरून ओढलेलं समुद्राचं खारं आणि आत फिरणारं गोडं, म्हणजे कूलंटचं. ज्यांच्याकडे बोट नाही, नुसती गाडी किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनी खाली कूलंटचा भाग येतो तो वाचला तरी काम होईल.

आधी गंज म्हणजे काय ते पटकन बघू. लोखंडाचा गंज लाल असतो म्हणून आपल्याला तो दिसतो आणि आपण घाबरतो. बाकीचे धातू पण खराब होतातच, फक्त रंग वेगळा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, तांबं हिरवं पडतं, पितळ गुलाबी पडतं आणि स्टेनलेसवर बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही, आतून मात्र पोखरलं जातं. सगळीकडे मूळ प्रकार एकच: धातूचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतो आणि ते इलेक्ट्रॉन दुसऱ्या जागी बहुतेक वेळा पाण्यातला ऑक्सिजन घेतो. म्हणजे ही एक छोटी बॅटरीच झाली आणि बॅटरी चालायला करंट वाहून नेणारं पाणी लागतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यातलं १९ ग्रॅमच्या आसपास नुसतं क्लोराइड, त्यामुळे करंटला रस्ता मोकळाच. वर क्लोराइडची अजून एक खोड अशी की धातूवर जो संरक्षक थर असतो तो हे बरोबर कमजोर जागा शोधून फोडतं.

आता पाणी ज्या वाटेने जातं त्याच वाटेने आपण जाऊ.

पहिला येतो तळाचा वाल्व, सी-कॉक. इथे सगळ्यात जास्त गंडवागंडवी होते, कारण हार्डवेअरच्या दुकानात नळकामाचा क्रोम प्लेटिंगवाला पितळी बॉल वाल्व स्वस्तात मिळतो आणि थ्रेड पण बरोबर बसतो. साधं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात जस्त बऱ्याचदा ३५-४० टक्क्यांपर्यंत. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे राहतं ते स्पंजासारखं पोकळ तांबं. आकार तोच, साइज तोच, थ्रेड पण जागेवर, नुसता रंग पिवळ्याचा गुलाबी झालेला. आणि एके दिवशी हँडल जरा जोरात फिरवलं की वाल्व बुडातून तुटून हातात, आणि बोटीच्या तळाला मोकळं भोक. याला डीझिंकिफिकेशन म्हणतात. शंका असेल तर चाकूने खरवडून बघा, खालून पिवळी चमक न येता तांबूस चुरा आला तर तो वाल्व त्याच दिवशी बदला, पुढच्या ट्रिपनंतर बघू म्हणू नका. या जागी गनमेटल पाहिजे, आपल्या फाउंड्रीवाल्यांचं ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. जस्तच एवढं कमी की निघून जायला फारसं काही उरत नाही. आर्सेनिक टाकलेलं डीझेडआर, म्हणजे जस्त निघू न देणारं, पितळ पण चालतं. आणि मँगनीज ब्राँझ या नावाने फसू नका, त्यात साधारण ४० टक्के जस्त असतं, म्हणजे ते खरं पितळच. बोटीच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, चालतं कारण तो जाडजूड असतो आणि त्याच्या शेजारी झिंक, म्हणजे त्याच्याऐवजी झिजायला ठेवलेला जस्ताचा तुकडा, बसवलेलं असतं, सी-कॉकला नको.

सी-कॉकनंतर गाळणी, त्याबद्दल पुढे. मग रॉ वॉटर पंप, म्हणजे समुद्राचं पाणी ओढणारा. त्याची बॉडी गनमेटल किंवा ब्राँझ, इंपेलर रबरी आणि शाफ्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा, हे कॉम्बिनेशन जुनं आहे आणि बरोबर आहे. फक्त सीलच्या खालची शाफ्टची जागा बघत जा, तिथे पाणी साचून राहतं आणि स्टेनलेसला साचलेलं पाणी अजिबात मानवत नाही. का ते सांगतो.

स्टेनलेसमध्ये क्रोमियम निदान साडेदहा टक्के असतं. हवेतल्या किंवा पाण्यातल्या ऑक्सिजनबरोबर त्याचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि तोच खरा पहारेकरी. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की कल्हईवाल्याला बोलवावं लागतं, इथे तो थर खरवडला तर स्वतःचा स्वतः परत येतो, अट एकच, ऑक्सिजन मिळाला पाहिजे. आता गॅस्केटच्या खाली, होज क्लिपच्या खाली, बोल्टच्या डोक्याखाली, चिकटलेल्या शिंपल्याखाली ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साठत जातं, आतलं पाणी आंबट होत जातं, आणि तो थर परत येऊच शकत नाही. बाहेरून पाइप आरशासारखा आणि क्लिपच्या खाली खड्डा. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ३१६ मध्ये वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, त्याने फरक पडतो, पण वाटतो तेवढा नाही. इंजिनिअर लोक एक साधा आकडा काढतात, क्रोमियमचे टक्के अधिक मॉलिब्डेनमचे ३.३ पट अधिक नायट्रोजनचे १६ पट. ३०४ चा येतो १८ ते २०, ३१६ चा २४-२५ च्या आसपास, २२०५ डुप्लेक्स नावाच्या स्टेनलेसचा ३५ च्या आसपास, आणि समुद्राच्या पाण्यात बिनधास्त ठेवायचं तर ४० च्या वर लागतो. म्हणजे ३१६ ला "मरीन ग्रेड" म्हणतात ते डेकवरच्या रेलिंगपुरतं ठीक आहे, तिथे पावसाने धुऊन निघतं आणि हवा लागते. गरम, साचलेल्या खाऱ्या पाण्यात ते कच्चं लिंबू आहे. त्यात तापमान ६० डिग्रीच्या वर गेलं आणि वेल्डिंगचा ताण शिल्लक असला की ३०४-३१६ ला चिरा जायची पण भीती असते, म्हणजे भोक पडायचीही वाट बघावी लागत नाही.

आता मुख्य पार्ट, हीट एक्स्चेंजर, ज्याला आपण कूलर म्हणतो. याच्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनचं गरम कूलंट. इथे सगळी ओढाताण एकदम येते, उष्णता पटकन गेली पाहिजे, नळी पातळ पाहिजे आणि तरी भोक पडता कामा नये.

उष्णता वाहण्यात तांबं राजा आहे, त्याचा आकडा ४०० च्या जवळपास, पितळ ११०-१२०, ९०-१० क्युप्रोनिकेल (तांबं-निकेलचं मिश्रण) ४०-५०, टायटॅनियम २० च्या आसपास आणि स्टेनलेस १५. हे आकडे बघून कोणीही म्हणेल मग तांबंच लावा ना. पण शुद्ध तांबं मऊ, खारं पाणी सेकंदाला एक मीटरपेक्षा जोरात गेलं की त्याच्यावरचा थर पाण्याबरोबर धुऊन जातो आणि खालचं कोरं तांबं परत झिजतं, परत थर, परत धूप. ॲडमिरल्टी ब्रास म्हणजे ७० टक्के तांबं, २९ टक्के जस्त, एक टक्का कथील आणि जरासं आर्सेनिक, ते दीड-पावणेदोन मीटरपर्यंत तग धरतं. ९०-१० क्युप्रोनिकेल अडीच ते साडेतीन, नळीचा व्यास मोठा असेल तर जास्त. ७०-३० त्याच्याही थोडं वर. टायटॅनियमला मच्छीमार बोटीवर जेवढा वेग येईल तेवढ्याने काही होत नाही.

आणि खरं सांगायचं तर उष्णतेचे ते आकडे दिसतात तेवढे निर्णायक नसतात. नळीची भिंत एखाद मिलिमीटरची, तिच्यातून उष्णता कशीही पार होते, खरी अडवणूक करतात ती पाण्याची चिकटून राहिलेली लेयर आणि आत बसलेली क्षारांची खपली. एक मिलिमीटर खपली उष्णतेच्या हिशोबाने जवळजवळ २० मिलिमीटर जाड क्युप्रोनिकेलएवढी आडवी येते. म्हणून "तांब्याचा कूलर जास्त थंड करतो" हे वाक्य नवा कूलर असेपर्यंतच खरं.

९०-१० क्युप्रोनिकेल आपल्यासारख्यांसाठी सगळ्यात शहाणपणाची निवड आहे असं मला वाटतं. ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, आणि त्यात दीड टक्क्याच्या आसपास लोखंड मुद्दाम घातलेलं, कारण त्या लोखंडामुळेच वरचा थर घट्ट धरतो. तो थर पहिल्या काही दिवसांत बसायला लागतो आणि थंड पाण्यात पुरता पक्का व्हायला दोन-तीन महिने लागतात, आपल्याकडच्या कोमट पाण्यात त्यापेक्षा लवकर. म्हणून नवा कूलर बसवला की सुरुवातीचे दिवस त्याला स्वच्छ वाहतं पाणी मिळालं पाहिजे. नवीन कूलर लावून बोट घाण बंदरात उभी करून ठेवली की थर बसतच नाही नीट. दुसरा फायदा म्हणजे त्यावर शेवाळ आणि शिंपले कमी धरतात, तांब्याचा तो गुण त्याच्यात उतरलाय.

याचा एकच मोठा शत्रू, सल्फाइड. सांडपाणी येणारं बंदर, माशांची घाण, खाडीतला काळा गाळ, सडक्या अंड्याचा वास आला की समजायचं हायड्रोजन सल्फाइड आहे. तांब्याच्या कुठल्याही मिश्रधातूवर त्याचा काळा भुसभुशीत थर बसतो, तो संरक्षण तर करत नाहीच, वर बोट बाहेर स्वच्छ पाण्यात गेली की झपाट्याने खड्डे पाडतो.

आणि इथेच आपल्या किनाऱ्याची खास भानगड येते. जून-जुलैची मासेमारी बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात, ताडपत्री पडते, जाळी दुरुस्तीला घेतात, आणि कूलरमध्ये मे महिन्याच्या शेवटच्या फेरीचं खारं पाणी तसंच राहतं. त्या पाण्यातले बारीक जीव मरतात, कुजतात, ऑक्सिजन संपतो आणि सल्फाइड, अमोनिया तिथेच नळीत तयार होतं. बोट उन्हापावसात किनाऱ्यावर आणि कूलर आतल्या आत सडतोय. नारळी पौर्णिमेनंतर इंजिन सुरू केलं, काही दिवसांत कूलंट कमी व्हायला लागलं किंवा टाकीत खारं पाणी आलं, की दोष कंपनीला. अरे बाबा, बोट वर घेताना गोड्या पाण्याने फ्लश करून, खालचा ड्रेन प्लग उघडून, नळ्या कोरड्या केल्या असत्या तर तेवढ्या कामात कूलरचं आयुष्य वाढलं असतं. कुठला मेटल घेतला यापेक्षा हे दोन महिने कसे काढले याने जास्त फरक पडतो.

गाळणीचं म्हणत होतो. शिंपल्याचा तुकडा किंवा जाळ्याचा धागा नळीत अडकला की त्याच्या बाजूने पाणी चेपून जोरात जातं आणि बरोबर तिथेच नळी झिजते. नळीच्या तोंडाशी पहिल्या काही सेंटीमीटरमध्ये पण पाणी भोवऱ्यात येतं म्हणून तिथे घोड्याच्या नालाच्या आकाराचे खड्डे पडतात. तुमच्या कूलरची भोकं फक्त तोंडाकडेच असतील तर मेटल बदलण्याआधी पंप ओव्हरसाइज तर नाही ना ते बघा. जास्त पाणी म्हणजे जास्त थंड असं समजून मोठा पंप लावणारे कमी नाहीत.

टायटॅनियमबद्दल लोक विचारतात. मस्त आहे, समुद्राच्या पाण्यात त्याला काही होत नाही, सल्फाइडला पण दाद देत नाही, नळी अर्ध्या मिलिमीटरची पण चालते. महाग आहे हे झालंच, पण एक गंमत अशी की तो स्वतः मरत नाही, शेजाऱ्याला मारतो. तेच आता बघू, कारण माझ्या मते अर्धे कूलर मेटल वाईट म्हणून जात नाहीत, शेजार वाईट म्हणून जातात.

ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये एचएमएस अलार्म या लढाऊ जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे मारले, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. वेस्ट इंडिजकडे फिरून आल्यावर १७६३ मध्ये बघतात तर तांबं जवळजवळ ठणठणीत आणि ते ज्या लोखंडी खिळ्यांनी मारलं होतं ते खिळे पीठ झालेले, पत्रे सुटायला लागलेले. पण काही खिळे शाबूत निघाले. नीट बघितलं तर त्या ठिकाणी तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद चुकून मधेच राहिला होता, म्हणजे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलंच नव्हतं. आजही गॅस्केट, रबरी होज, नायलॉनचा वॉशर आपण त्याच कागदाच्या जागी वापरतो.

समुद्राच्या पाण्यात धातूंची एक रांग लागते. एका टोकाला मॅग्नेशियम, मग जस्त, मग ॲल्युमिनियम, मग लोखंड आणि बीड, मग पितळ, तांबं, ब्राँझ, मग क्युप्रोनिकेल, आणि पार दुसऱ्या टोकाला थर शाबूत असलेलं स्टेनलेस, टायटॅनियम आणि ग्राफाइट. दोघं जोडले आणि खाऱ्या पाण्यात बुडाले की आधीच्या बाजूचा खाल्ला जातो आणि पुढच्या बाजूचा वाचतो. अंतर जेवढं जास्त तेवढी भूक जास्त. पण अंतरापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कोणाचा पृष्ठभाग किती आहे ती. मोठ्या तांब्याच्या पत्र्यात लोखंडाचा छोटा खिळा म्हणजे सगळा करंट त्या बिचाऱ्या खिळ्यातून, तो जाणारच. उलट, मोठ्या ॲल्युमिनियमच्या भागात छोटा स्टेनलेसचा बोल्ट तितका वाईट नाही, फक्त थ्रेडमध्ये पांढरी भुकटी धरून बोल्ट असा जाम होतो की शेवटी ड्रिल करावा लागतो, म्हणून बसवतानाच झिंकवाली किंवा बेरियमवाली पेस्ट लावायची.

आता टायटॅनियमच्या नळ्या आणि त्यांना धरणारी पितळी प्लेट हा विचार करा. शंभर नळ्यांचा भलामोठा पृष्ठभाग एका बाजूला आणि एक प्लेट दुसऱ्या बाजूला, प्लेट पोखरली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. टायटॅनियम लावायचं तर पूर्ण टायटॅनियम, नाहीतर क्युप्रोनिकेलच बरं.

जस्त या रांगेत सुरुवातीलाच उभं आहे म्हणून त्याला आपण मुद्दाम बळी देतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये तांब्याच्या तळाला लोखंड आणि जस्ताचे तुकडे जोडून दाखवलं की तांबं झिजायचं थांबतं. झिजायचं थांबलं खरं, पण जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरायला लागले, कारण तांबं जरा जरा विरघळत होतं म्हणूनच ते सगळं लांब राहत होतं. म्हणजे झिंक पण हवं तिथे आणि हवं तेवढंच. क्युप्रोनिकेलच्या कूलरला एवढ्या मोठ्या झिंकची गरज नसते की तांब्याचा तो गुणच जाईल, कंपनीने जी पेन्सिल, म्हणजे जस्ताची बारीक कांडी, दिलीय तेवढी पुरते.

पाण्याच्या वाटेचं शेवटचं ठिकाण म्हणजे एक्झॉस्ट एल्बो, जिथे वापरून झालेलं खारं पाणी गरम धुरात मिसळून बाहेर जातं. अख्ख्या सिस्टिममधली सगळ्यात वाईट जागा. गरम, खारट, वर डिझेलमधल्या गंधकामुळे आंबट, आणि इंजिन बंद झालं की ओलं-कोरडं, ओलं-कोरडं. इथे काहीच कायम टिकत नाही हे आधीच मान्य करा म्हणजे त्रास कमी होतो. बिडाचा एल्बो आतून खपल्या धरून चोंदतो पण जाड असल्याने हळू मरतो आणि तो स्वस्त आहे. ३१६ चा दिसायला देखणा पण वेल्डजवळ जातो. मी असतो तर बिडाचा लावून ठराविक काळाने उघडून बघत राहिलो असतो, कारण एल्बो आतून फुटला तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं आणि मग एल्बोची किंमत कोणी विचारत नाही.

बिडाबद्दल एक सांगायचं राहिलं. बिडात ग्राफाइट असतं आणि रांगेत ग्राफाइट पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे दोघं शत्रू एकाच ओतीवात! खाऱ्या पाण्यात लोखंड निघून जातं, ग्राफाइटचा सांगाडा जागेवर राहतो, आकार हुबेहूब तोच, आणि चाकूने खरवडलं की पेन्सिलच्या शिशासारखं काळं निघतं. तरी डायरेक्ट खाऱ्या पाण्यावर चालणारी बिडाची इंजिनं वर्षानुवर्षं चाललीत, कारण भिंती जाड. अशा इंजिनात थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाचा, ६० डिग्रीच्या आसपासचा देतात, त्याहून गरम झालं की समुद्राच्या पाण्यातले क्षार आत बसायला लागतात. कोणीतरी हुशारीने तिथे गाडीचा ८२ डिग्रीवाला थर्मोस्टॅट टाकतो आणि जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरायची जागा, चोंदवून घेतो.

आता आतलं गोडं पाणी, गाडीवाल्यांचा भाग. इथे खेळच वेगळा. बंद सर्किट, ऑक्सिजन कमी, आणि मेटलपेक्षा पाण्यात काय घातलंय याला जास्त महत्त्व. एकाच सर्किटमध्ये बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, ॲल्युमिनियमचा किंवा तांब्या-पितळेचा रेडिएटर, पत्र्याचे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवर बसवलेल्या चकत्या), शिसं-कथलाचं डाक असं सगळं नांदत असतं. म्हणून कूलंट तपासायची जी एएसटीएम डी १३८४ नावाची टेस्ट आहे तिच्यात तांबं, डाक, पितळ, स्टील, बीड आणि ओतीव ॲल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या एकत्र, ८८ डिग्री गरम कूलंटमध्ये ३३६ तास म्हणजे दोन आठवडे ठेवतात आणि कोणाचं किती वजन घटलं ते बघतात.

ॲल्युमिनियमचा थर साधारण पीएच ४ ते साडेआठ याच्या मधे शाबूत राहतो, त्याच्या बाहेर तो स्वतःच विरघळतो. लोखंडाला मात्र जरा जास्त पीएच आवडतो. दोघांना एकत्र खूश ठेवणं हे कूलंटमधल्या इनहिबिटरचं, म्हणजे गंज रोखणाऱ्या रसायनाचं, काम आणि इनहिबिटर वापरून संपतो, म्हणून रंग हिरवा दिसतोय म्हणजे कूलंट चांगलं आहे असं काही नाही, रंग नुसता रंग असतो. तांब्याच्या रेडिएटरमधून तांबं जरासं विरघळलं की ते जाऊन ॲल्युमिनियमवर बसतं आणि प्रत्येक कणाजवळ एक खड्डा पाडतं. जुना तांब्याचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियम हेड असलेलं इंजिन ही जोडी कूलंटवर टिकते, बोअरच्या पाण्यावर मरते. सोलापूर, मराठवाडा बाजूला बोअरचं पाणी किती जड असतं ते वेगळं सांगायला नको. मिक्सिंगच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावं असा दंडक आहे, त्यामुळे डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी घ्या, किंवा सरळ रेडी-मिक्स.

वेल्च प्लग, ज्याला मेकॅनिक डमी म्हणतात, पत्र्याचा स्वस्तात येतो आणि आतून गंजून पाझरतो. पितळी मिळाला तर पितळी घ्या, ब्लॉक एवढा मोठा आणि प्लग एवढा छोटा की आधी सांगितलेला पृष्ठभागाचा हिशोब आपल्या बाजूने आहे. जड डिझेल इंजिनात वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणारी सिलिंडरची नळी, असेल तर अजून एक दुखणं, लायनर थरथरतो, पाण्यात बुडबुडे होतात आणि फुटताना लायनरच्या पाठीला छिद्रं पाडतात. तिथे मेटल बदलून भागत नाही, नायट्राइटवालं किंवा कंपनीने सांगितलेलं हेवी ड्यूटी कूलंटच लागतं, कारचं चालत नाही.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, असलेल्यांसाठी थोडक्यात: मालवणपासून गोव्यापर्यंत ज्या छोट्या मशिनी चालतात त्या ॲल्युमिनियमच्या आहेत आणि त्यांचं ओतीव मुद्दाम तांबं कमी ठेवून केलेलं असतं. लोकल बनवलेलं कव्हर किंवा हाउसिंग एडीसी-१२ नावाच्या ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर त्यात दीड ते साडेतीन टक्के तांबं, गाडीत कूलंटबरोबर छान चालतं, खाऱ्या पाण्यात फुटकं. आणि ॲल्युमिनियमवर तांबंवाला अँटीफाउलिंग पेंट, म्हणजे शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग, कधीच मारायचा नाही.

बाजारात माल घेताना चुंबक खिशात ठेवतात ते चांगलं, पण चुंबक सगळं सांगत नाही. ४३० ग्रेडच्या स्टेनलेसला चिकटतो, ३०४ आणि ३१६ ला सहसा चिकटत नाही, आणि २०० सिरीजच्या मँगनीजवाल्या स्वस्त स्टेनलेसला पण चिकटत नाही, जे खाऱ्या हवेत लवकर डाग धरतं. म्हणजे न चिकटणं हा काही पुरावा नाही. मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबांचं किट मिळतं, ३०४ की ३१६ ते त्याने कळतं. होज क्लिप घेताना पट्टीला नको, स्क्रूला चुंबक लावा, पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा प्लेटिंगवाला असा प्रकार सर्रास असतो.

सगळं बरोबर लावूनही खड्डे पडत असतील तर मल्टिमीटर काढा. निगेटिव्ह प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, पॉझिटिव्ह कूलंटमध्ये बुडवा, मेटलला टेकवू नका. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेला तर कुठलं तरी अर्थिंग ढिलं आहे आणि स्टार्टर, पंखा किंवा बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) करंट कूलंटमधून वाट काढतोय. एकेक स्विच चालू-बंद करत बघा, ज्याने काटा हलला तो चोर.

आणि झिंक पेन्सिल दर महिन्याला काढून बघत चला. अर्धी संपली की बदलायची. पूर्ण जशीच्या तशी निघाली तर खूश होऊ नका, तिला कॉन्टॅक्टच मिळत नाहीये, बहुतेक कोणीतरी गळू नये म्हणून थ्रेडला टेफ्लॉन टेप गुंडाळलाय, तो काढून टाका. आणि नुसता पितळी प्लग हातात आला, पेन्सिल आत तुटून पडली असेल, तर नवीन लावून बंद करू नका, एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण उघडून तो तुकडा आधी बाहेर काढा, नाहीतर तोच नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो.